तुझी सायकल टांगताना

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलले नाही. पण आज एक गोष्ट कळली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आबांना मी हिंगोलीला माझ्याकडं घेऊन चाललेय. घराला आता कुलूपच. भांडीकुंडी, अंथरुणं सगळं आवरलं, राहिली तुझी सायकल. चुलतभाऊ मागत होता. आबा म्हणाले, "कुणाला द्यायची न्हाई. टांगून ठेवू."

मग दोघं अंगणात बसलो. मी धुतली, पुसली. आबांनी चेनीला तेल सोडलं, गंज धरू नये म्हणून रिमांना वंगण चोळलं. कॅरिअर मात्र मला पुसू दिलं नाही. त्यांची हक्काची जागा ना ती! तू पुढं पायडल मारणार, आबा मागं पिशव्या धरून, आणि जवळा बाजार गावची माणसं हसणार. तूही काही कमी नव्हतीस. "आमच्या माणसाला साधी सायकल येत न्हाई," असं भाजीवाल्यांनाही सांगायचीस. काहून गं इतकं छळायचीस त्यांना?

तर, चेन बराबर बसली का बघतो म्हणून आबांनी सायकल उभी केली, टांग टाकली आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. एका हातानं धोतर सावरत. मी बघतच राहिले.

"आबा, तुमाला सायकल येते?"

"येते की. लग्नाच्या आधीपासून."

"मंग आईच्या मागं काहून बसायचे?"

"तिला चालवायची लई हौस. पण तुझ्या आज्जीनं सुनेला हात लावू दिला असता का? मी म्हणलो, मला येत न्हाई, बाजाराला हीच नेईल. मंग आज्जीचं काही चालंना."

"आज्जी गेल्यावर तरी आईला सांगायचं."

"तिला माझी टिंगल करायला आवडायचं. राहून गेलं."

आई, तुला खरंच माहीत नव्हतं? की माहीत असून तूही गप्प राहिलीस? आता हे मी कुणाला विचारू?

सीटला पोतं बांधलं, उंदरं कुरतडतात म्हणून. टायर जमिनीला टेकू नयेत म्हणून दोरानं सायकल आढ्याला टांगली. गाठ मारता मारता आबा म्हणाले, "आज पुढं बसलो, तर नुसता रस्ताच दिसला. तिची पाठ न्हाई दिसली." आणि खाली बसून रडले. तुला नेलं त्या दिवशीही ते असे रडले नव्हते.

आई, मी स्कूटी शिकून राहिले. हिंगोलीत आबांना मागं बसवूनच बाजाराला नेईन. कुणी विचारलं तर सांगीन, आमच्या आबांना गाडी येत न्हाई.

तुझी,
सुमन