मांचे गुडघे

जयपूर,
२७ नोव्हेंबर १९८३

ती. दिदीभाईंस,
धाकट्या जावेचा शि. सा. न. वि. वि.

मा सुखरूप पोहोचल्या. पोहोचल्या कसल्या, आता इथल्या जुन्या रहिवासी झाल्यात. शोमेनची बदली झाल्यापासून आम्हीही या शहरात नवखेच. म्हणून दर रविवारी सकाळी पाण्याची सुरई आणि डबा घेऊन बाहेर पडायचं, असं आम्ही ठरवून टाकलंय. मांना घरीच ठेवायचं असा माझा बेत होता, कारण त्यांना कृष्णनगरात गच्चीसुद्धा चढवत नाही, असं तुम्ही त्यांना न्यायला आलेल्या शोमेनला बजावलं होतंत. पण पहिल्याच रविवारी आम्ही कुलूप शोधतोय, तर या शाल पांघरून आमच्या आधी दाराबाहेर उभ्या.

तेव्हापासून एक रविवार सोडलेला नाही. हवामहालाच्या अगदी वरच्या खिडकीत जाऊन बसल्या आणि खालचा बाजार बघत राहिल्या, उठायलाच तयार नाहीत. जंतरमंतरला सावलीवरून वेळ सांगणाऱ्या माणसाशी हुज्जत घातली की तुमचं यंत्र मागे चाललंय. आणि आमेरचा किल्ला तर विचारू नका. तिथे शिलादेवी आहे, मूळची जशोरची, म्हणजे मांच्या माहेरची. पुजारीबुवा म्हणाले की त्यांचे पूर्वज बंगालातून देवीबरोबर आले. मांनी त्यांच्याशी बांगलात बोलायला सुरुवात केली, त्यांना एक अक्षर कळेना. मग मांनी त्यांना भर देवळात झापलं की देवीला आणलंत ते बरं, पण भाषा वाटेत कुठे टाकलीत. बुवा बिचारे प्रसादाचं ताट घेऊन हसत उभे.

उतरताना भुकेने जीव कासावीस झाला होता. पायथ्याशी गरमागरम कचोऱ्या तळत होते, त्या सगळ्यांनीच खाल्ल्या. मांच्या गालांवर आता लाली आली आहे. शोमेन माकडटोपी घालून फिरतो म्हणून त्यांना लाज वाटते, एवढीच काय ती तक्रार.

बडदा भावजींना प्रणाम सांगा. मी वयाने धाकटी, पण मायेतला माझा वाटा धाकटा करू नका.

तुमची,
शिप्रा

*

कृष्णनगर,
५ डिसेंबर १९८३

चि. सौ. शिप्रास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. वाचून आनंद झाला, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

मांचे गुडघे गाडीत राहिले की काय, याचा मी विचार करते आहे. गेल्या वर्षी जगद्धात्रीच्या विसर्जनाला मी दारात रिक्षा आणून उभी केली होती. जलंगी नदीचा घाट इथून हाकेच्या अंतरावर. तरी या गुडघे धरून बसल्या आणि मला नाही गं झेपायचं म्हणाल्या. मीही मग गेले नाही. शेजारच्या मित्र कुटुंबातल्या मिनोतीने मला घाटावरची सगळी शोभा दुसऱ्या दिवशी तिखटमीठ लावून सांगितली. आज तिलाच तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली की कनक, गुडघ्यांनाही माणसं कळतात हो. मी हसले. हसण्यावारी न्यायचं नाही तर काय करायचं?

आता एक विचारते आणि सरळ उत्तर हवं. ती कचोरी कशाची होती? सासरे गेल्यापासून मांच्या चुलीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. पहाटे आंघोळ करायची, धुतलेली साडी नेसायची आणि आधी मांचं सोवळ्यातलं रांधायचं. मासळीचा, कांद्या-लसणाचा, मसुरीचा वासही त्या भांड्यांना लागू द्यायचा नाही. अंगात ताप असला तरी हे चुकलं नाही. सायीचा गोड सरभाजा खायला लोक कुठून कुठून या गावात येतात आणि मी तो घरी दूध आटवून करते, का, तर दुकानातलं मांना चालत नाही. हे दर वर्षी पुरीला जाऊ म्हणतात. मांचं कोण रांधणार म्हणून मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तू मात्र दर रविवारी डबा बांधतेस. बांध बाई, तुझे दिवस आहेत.

पौष लागला की घरातून कोणी निघू नये. तेव्हा त्याआधी शोमेनबरोबर मांना पाठवून दे. सरस्वतीपूजा त्यांच्याशिवाय या घरात झालेली नाही.

थोरल्या जावेचं मन थोरलं असावं म्हणतात, तेवढं राहू दे म्हणून तूही प्रार्थना कर.

तुझी,
दिदीभाई

*

जयपूर,
१८ डिसेंबर १९८३

ती. दिदीभाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येईपर्यंत पौष लागला. शोमेनला रजा मिळते का बघत होते, तर मांनीच सांगितलं की पौषात त्या घराचा उंबरा ओलांडून परगावी जाणार नाहीत, रीत म्हणजे रीत. गावातल्या गावात फिरायला मात्र हरकत नाही म्हणाल्या. काल आम्ही मोत्यांचे आणि लाखेच्या बांगड्यांचे बाजार पालथे घातले.

कचोरीचं खोटं कसं लिहू? कांद्याची होती, दिदीभाई. मला ठाऊक नव्हतं, शपथ घेते. पहिल्या घासालाच मा थबकल्या आणि मला विचारलं की यात काय आहे. मी भीतभीत सांगितलं आणि रडायलाच लागले. त्या म्हणाल्या की तोंडातला घास तर संपवू दे. मग हातातली संपवली. मग दुसरी मागितली.

मला वाटतं, मांना इथलं हवापाणी मानवलंय. त्यांना उन्हाळ्यापर्यंत ठेवून घ्यावं असं आमच्या मनात आहे. तुम्हालाही तेवढीच विश्रांती. रागावू नका, एवढंच मागणं.

तुमची,
शिप्रा

*

कृष्णनगर,
२७ डिसेंबर १९८३

शिप्रास,
अ. उ. आ.

कांदा चालतो आणि पौष नडतो?

ही कुठली रीत, मला कोणी समजावून सांगेल का? दुसरी कचोरी मागितली म्हणतेस. माझ्या हातचा पहिला घास खाऊन त्यांनी कधी दुसरा मागितला नाही. जेवण झालं की नीट झालंय म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. मी त्यालाच शाबासकी समजत आले.

हो, जळते मी. लिहूनच टाकते, म्हणजे मिनोतीला सांगायला नको. तू किल्ले बघतेस म्हणून जळते, हवामहाल बघतेस म्हणून जळते, पण ते मी गिळलं असतं. माझ्या घरात म्हातारी झालेली बाई तुझ्या घरी तरुण होते, हे गिळवत नाही. मी काय त्यांना कोंडून ठेवलं होतं? इतकी वर्षं ओल्या केसांनी धुरात बसले, ते कोणासाठी?

आणि मला विश्रांती देणारी तू कोण? पहाटे जाग येते, आंघोळ होते आणि मी त्या गार चुलीपुढे जाऊन उभी राहते. काय करायचं ते कळत नाही. हे म्हणतात, उद्यापासून जरा उशिरा ऊठ.

मांना विचार, त्या परत येणार आहेत की नाहीत. नसतील तर तसं स्वच्छ कळवा. ती चूल मग मी कोणासाठी सारवू?

आशीर्वाद वर लिहिले आहेत, तेच खरे धर. बाकीचं रागाचं आहे.

दिदीभाई

*

जयपूर,
५ जानेवारी १९८४

चि. सौ. कनकबोउमास,
तुझ्या म्हाताऱ्या सासूचे अ. आ.

तुझं पत्र शिप्रा वाचून दाखवत होती. मधेच तिने ते खाली ठेवलं, म्हणून मीच चष्मा लावून वाचलं. भांडायचं असेल तर माझ्याशी भांड. त्या पोरीने कचोरीत कांदा भरलेला नाही.

तुझे सासरे गेले. श्राद्ध उरकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठून अंगणात येते तर तू कोपऱ्यात नवी चूल घालत बसलेली. कोपरापर्यंत चिखल. मला कोणी विचारलं नव्हतं. सगळी आळी म्हणाली की सून असावी तर अशी, आणि तुझा चेहरा असा उजळला की मी तोंड मिटलं. तशा सुनेला मी काय सांगणार होते, की बाई, मला मसुरीची डाळ आवडते? एकादशी मी आपखुशीने करते, इथेही मोडलेली नाही. बाकीचं सगळं तुझ्यासाठी पाळत आले. तुला वाटलं माझ्यासाठी चाललंय.

पुरीला जाऊ म्हणून निर्मल तुझी मनधरणी करायचा, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. जा म्हणाले असते तर तू म्हणाली असतीस की सासू मला चुलीवरून हाकलते. ओळखत नाही का मी तुला? मग सून घरात अडकलेली आणि सासू रिक्षातून घाट बघत हिंडते आहे, हे मला शोभलं असतं का? म्हणून गुडघे दुखायला लागले. ते तेव्हाही असेच होते, आजही असेच आहेत. कुरकुरतात, पण चालतात.

नवं गाव बघायला मला पोरवयापासून आवडतं. सासऱ्यांनी तुझ्या कधी नेलं नाही, ते गेल्यावर तू नेलं असतंस, पण तुला चूल होती. इथे सकाळी उठले की आज काय बघायचं, असं मनात येतं. या वयात असं मनात येतं म्हणजे काय ते तुला इथे आल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा तुम्ही दोघंच इकडे या. परत जायचं ते तुझ्याबरोबर जाईन. नाहीतर जाणार नाही, असं स्वच्छ कळवते.

शिप्राच्या हातचं कारल्याचं शुक्तो तुझ्या शुक्तोच्या पासंगालाही पुरत नाही. हे तिला मी बोललेले नाही, तूही बोलू नकोस.

राग सरला की माझी आठवण काढ. नाही सरला तरी काढ.

तुझी,
मा

*

कृष्णनगर,
१९ जानेवारी १९८४

ती. स्व. मांच्या चरणी,
कनकचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला वेळ लागला, कारण राग जाईना. यांना पत्र वाचून दाखवलं तर हे हसले. यांना म्हणे गुडघ्यांचं पहिल्यापासून माहीत होतं. मग यांच्यावर रागावले, त्यात संक्रांत आली. नव्या गुळाचं सारण भरून पाटिसापटा धिरडी केली आणि तुमच्या वाटची केळीच्या पानावर काढून ठेवली. मग लक्षात आलं की खाणारं कोणी नाही. तेव्हा मी रडले. तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.

काल चूल फोडली. फावडं घेतलं, पण पहिला घाव घालवेना. किती वेळा सारवलीय, बोटांना तिचा उंचवटा पाठ आहे. मग तुमची मसुरीची डाळ आठवली आणि घाव बसला. एवढी वर्षं एक शब्द बोलला असतात तर मी डाळ केली नसती का? नसती केली, ते जाऊ द्या. माती झेंडूच्या वाफ्यात टाकली.

सरस्वतीपूजा मिनोतीच्या घरच्यांकडे सोपवली आहे. तिला सांगितलं की आम्ही जयपूरला चाललोय, तर तिचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते मा, फार बरं वाटलं. हे हावड्याहून सुटणाऱ्या गाडीची तिकिटं काढून आले आणि माकडटोपीही घेऊन आले, म्हणजे दोघे भाऊ एकाच टोपीत.

पण माझा मत्सर गेला असं समजू नका. शिप्राने तुमच्याबरोबर सगळं शहर पाहिलं. आता मी येणार आणि ती मला पुढे होऊन दाखवणार की दिदीभाई, हे असं आहे अन् ते तसं आहे. मी काय तिच्या मागून तिचं उष्टं शहर बघू? शिलादेवी दाखवा, हवामहाल दाखवा, सगळं दाखवा. पण एक जागा माझ्यासाठी राखून ठेवा, जी तिने अजून पाहिलेली नसेल. तिथे मी तुमच्याबरोबर पहिली जाईन. पोरकट वाटलं तर वाटू दे. जन्मात एकदा मला पहिली जायचंय.

आणि त्या कचोरीची चव मला आधी कोणी सांगू नये.

पायांशी जागा असू द्यावी.

तुमची,
कनक

*

जयपूर,
२८ जानेवारी १९८४

चि. सौ. कनकबोउमास,
अ. आ.

पत्र पावलं. वाचून चोळीत ठेवलं, शिप्राच्या हाती लागू दिलं नाही. हे पाकीटही बंद करून पाठवते आहे.

डोंगरावर नाहरगड आहे. आमच्या गच्चीतून संध्याकाळी दिसतो. तिथून सगळं शहर पायाशी पडलेलं दिसतं म्हणतात. शोमेनने परवा सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला तिकडचंच काढलं होतं. डबा भरून झाला होता, शिप्राने नवी साडी नेसली होती. मी पायरीवर बसले आणि गुडघा धरला.

मग कुठलं जाणं. शिप्रा तेल गरम करून आणते, सकाळ-संध्याकाळ चोळते आणि दिदीभाई म्हणायच्या तेच खरं म्हणून हळहळते. बिचारीची मला दया येते, पण तू येईपर्यंत हे दुखणं उतरायचं नाही. लवकर ये.

आता ती जेवून लवंडली आहे, तेवढ्यात हे कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते. जाताना भरभर जाईन. येताना मात्र लंगडत यावं लागेल, न जाणो, ती उठलेली असली तर.

तुझी,
मा