आधीच दिलेली साक्ष

२ नोव्हें., रवि.
चर्चमध्ये साक्ष दिली. उभी राहून सांगितलं, प्रभूनं ह्यांच्या किडन्या बऱ्या केल्या. टाळ्या झाल्या. शुक्रवारी बाहेरगावच्या प्रचारकानं ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणे आता डायलिसिस बंद, मशीन म्हणजे अविश्वास. साक्ष बरं होण्याआधीच द्यायची असते म्हणे. दिली बाई. १६ ला घरी उपकारस्तुतीची सभा. सगळ्या मंडळीला पुलावाचं आवतण.

३ नोव्हें., सोम.
जालन्याला डायलि.ला गेलो न्हाई. दोन वर्षांत पहिला नागा. हे खुश. मी भांडी घासली. काहीच वाटलं न्हाई.

६ नोव्हें., गुरु.
दुसरा नागा. ह्यांचे पाय सुजले, चप्पल जाईना. नणंदेला, रूथताईला फोन केला. म्हणाली, बिमारीचं नाव तोंडातून काढू नको, सैतान ऐकतो. न्हाई काढलं. प्रचारकाचा फोन बंद.

८ नोव्हें., शनि.
ह्यांना दम लागून राह्यलाय. आडवं होता येईना. तरी चला म्हटलं तर, "लोक काय म्हणतील? साक्ष तूच दिली ना." मीच दिली. खरंय.
मीच आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना कळवलं. जीप घेऊनच आले. चिडतील वाटलं. बूट पण न काढता आत. "याकोबभाऊ, विश्वासाचं नंतर बघू. आधी जीपमध्ये बसा." हे म्हणाले, चप्पल जात न्हाई. "मंग अनवाणी चला."

९ नोव्हें., रवि.
जालना. ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर रागावले, बराबर रागावले. मी प्रार्थनेला बसले, एक शब्द सुचंना. तशीच बसून राह्यले. तीच प्रार्थना धरावी प्रभूनं.

१३ नोव्हें., गुरु.
डायलि. झालं. घरी आलो. सभा रद्द कर म्हणतात हे. आवतण दिलंय, आता कोणत्या तोंडानं...

१६ नोव्हें., रवि.
सभा केली. पुलाव बरा झाल्ता. पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनंतर उभी राह्यले.
"हे बरे झाले न्हाईत. मी बघितलं न्हाई ते सांगितलं. हे आज घरात आहेत, एवढीच उपकारस्तुती. जेवून जा."
कोणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. रूथताई न जेवता गेली. पाळकसाहेबांनी दोनदा वाढून घेतलं.
सगळे गेल्यावर ह्यांनी विचारलं, "मी बरा होईन का गं?"
माहीत न्हाई, मी म्हणाले. उद्या सोमवार, सातच्या जालना गाडीनं निघायचं, एवढं माहितीये.
उंबऱ्यापाशी बसून चप्पल घालून बघितली त्यांनी. डाव्या पायात गेली. उजव्याचं सकाळी बघू.