आधी मला बोलून घे

बाबा, तुमच्या फोटोला हार आई घालते, मी नाही. आपल्या जोहे गावात अजून तुमचं नाव निघतं. गणपतीचे डोळे आखावेत तर तुम्हीच, असं पेणचे व्यापारीसुद्धा म्हणतात. मी ऐकून घेते आणि रंग ढवळत राहते.

तुमचा नियम आपल्या मूर्तींच्या कारखान्यात सगळ्यांना पाठ होता: राग घेऊन आखणीला बसायचं नाही, तो डोळ्यांत उतरतो. नियम चांगलाच होता. फक्त राग ठेवून यायचा कुठे, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. आम्हाला माहीत होतं. भाकरी जाड झाली, चहा कोमट झाला, काहीही पुरायचं. आईच्या माहेरापासून सुरुवात व्हायची आणि कप भिंतीवर फुटला की संपायची. मग तुम्ही हातपाय धुता, कपाळाला गंध लावता आणि अंगण ओलांडून कारखान्यात जाता, अगदी संत. आई तुकडे वेचते आणि मला म्हणते, "जाऊ दे गो. हितं सांडला म्हनून थितं देवाचे डोले शांत येतात." लोक त्या डोळ्यांना हात जोडायचे आणि मी मनात म्हणायचे, जोडा, आमच्या घरचे कप आहेत ते.

तुमच्यामागे आखणी माझ्याकडे आली. यंदा रोह्याच्या एका मंडळाचा माणूस मूर्ती बघायला आला. आखून झालेल्या मूर्तींकडे बघून माझ्यासमोरच कारागिराला म्हणाला, "बाईनं आखलेत काय? बापाचा हात नाय राहिला." मोठ्या मूर्तीचे डोळे अजून बाकी होते. मी तरातरा घरात पाणी प्यायला आले. तोंडातून एक शब्द काढला नव्हता. तरी आईने ओट्यावरचा कप उचलून फडताळात ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "बोल," म्हणाली. "आदी मला बोलून घे गो. मंग जा आखनीला."

बाबा, त्या क्षणी तुमचा जेवढा राग आला, तेवढा तुम्ही जिवंत असतानाही आला नव्हता. तिला माझ्या तोंडावर तुम्ही दिसलात. मी म्हटलं, "आई, मला राग आलाय. त्या मानसाचा आलाय, बाबांचा आलाय. तुझा नाय." असं सरळ वाक्य आपल्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, पुढे काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही.

मग रागासकट कारखान्यात गेले, पाटावर बसले, ब्रश धरला. कान तापलेले, दात आवळलेले, पण डोळ्याची रेघ कुठे हलली नाही. राग आलाय हे कबूल केलं की तो शेजारी बसून राहतो, हात धरत नाही. हे एका सकाळी तुम्हालाही करून बघता आलं असतं. तुम्ही बघितलं नाहीत, कारण आई आयती होती.

हे पत्र तुमच्या फोटोमागे खोचणार होते. पण हार बदलताना आईच्या हाती लागेल, म्हणून रंगांच्या डब्यांमागेच राहू दे. एक मात्र सांगते. संध्याकाळी आई कारखान्यात आली, मोठ्या मूर्तीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांचेच डोले गो." मला बरं वाटलं, बाबा. बरं वाटल्याचा राग अजून गेलेला नाही.