बुधवारची पाळी

१९ सप्टेंबर, शुक्रवार
तलावाच्या पाणी संस्थेची वेबसाइट लाइव्ह. कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला पाणी, ते आता मोबाइलवर. टेम्प्लेटमध्ये माझी एकच अट: सभासद हयात असेल तर त्याचं नाव दाखव, नाहीतर वारसाचं. पाणी सोडणारे योगेंद्रभाऊ पेज बघूनच पाणी देणार.

२१ सप्टेंबर
किरकोळ बग. आमच्या पाळीला, बुधवारी, बाबांचं नाव दिसतंय: डोमा. बाबांना जाऊन अडीच महिने झाले. उद्या दहा मिनिटांत काढतो.

२४ सप्टेंबर, बुधवार
योगेंद्रभाऊंचा फोन. म्हणे, पेजवर डोमाभाऊ हाये, तं पाणी कोणाले देऊ? वरून म्हणे, धुऱ्यावर कोणी खाकरल्यासारखं वाटलं, म्हून दोनदा मांगं पाह्यलं. आमचं पाणी पुढच्याला गेलं. आई म्हणाली, तुह्या बाबाले मोबाइलातून काढ ना बापा, धान वाळून राहिलं. तिला सांगितलं, हे सर्व्हरचं असतं.

२७ सप्टेंबर
कॅशे साफ केली. ब्राउझर बदलला. शेवटी अट उलटी केली. गावातले मेलेले सगळे हजर, जिवंतांच्या जागी त्यांचे वारस. पाच मिनिटांत विमलाबाईंचा फोन, मी तं जित्ती आहो अजून. बुधवारी मात्र माझं नाव आलं: मनिष. फार घाबरलो. लगेच सुलटी केली.

३० सप्टेंबर
ही टेम्प्लेट लँग्वेजच आपल्याकडच्या कुटुंबांसाठी बनलेली नाही. रिफ्रेश केलं, डोमा. पुन्हा केलं, डोमा. पहाटे पाचला, बाबांच्या उठायच्या वेळेला, मला आपोआप जाग येते. उद्या पाळी. आज नक्की.

१ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी ६
आईने शेजारी बसून सभासदांची यादी उघडायला लावली. अकरा जण गेलेले. दहांच्या जागी वारस बरोबर. अट पहिल्या दिवसापासून बरोबर होती. बाबांच्या ओळीत 'हयात'समोर 'हो'. यादी मीच भरली होती, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. आईने बोट ठेवलं, मी 'नाही' लिहिलं. खूप रडलो.

७:१०
बुधवार: मनिष. योगेंद्रभाऊ म्हणे, पाणी सोडलं, बांधीचं तोंड उघड. आमच्या चार बांध्या. तोंड कोणत्या धुऱ्याला, कोणत्या बांधावर आहे, मला माहीत नाही. दरवर्षी बाबाच उघडायचे. विचारायला फोन काढला आणि बाबांचा नंबर लावला.
आईच्या कपाटातून रिंग ऐकू आली. बाबांचा फोन ती अजून रोज चार्ज करते.