कोठारावरचा नंबर

लॉरेल खोरे, ८ एप्रिल

चि. लोरीनास,
अ. उ. आ.

फोनची तार ओली झाली की नुसती खरखरते, म्हणून लिहितेच आहे. मागच्या खोलीला माझ्यासाठी पिवळे पडदे लावलेस म्हणे. छान असतील. पण मी अजून हललेली नाही.

डॉक्टरांचं म्हणणं तुला ठाऊकच आहे. हृदयाची झडप बदलली, आता ते यंत्र माझे ठोके रोज दवाखान्याला कळवणार, आणि त्यासाठी घरात वेगवान इंटरनेट हवं. नोव्हेंबरपर्यंत ते आलं नाही तर घर बंद करून तुझ्याकडे शहरात येईन, असा शब्द मी दिलाय. दिलाय म्हणजे दिलाय. पण काउंटीचं सरकार इंटरनेटच्या नव्या तारा टाकणार असं कळलं, म्हणून काल अग्निशमन केंद्रातल्या सभेला गेले. तिथे काउंटीच्या मिस व्हिटलॉक बाईंनी भिंतीवर नकाशा दाखवला. आपलं खोरं हिरवंगार! हिरवं म्हणजे तिथे इंटरनेट आधीच पोचलंय, सबब नवी तार नाही. मी उभी राहून म्हटलं, की बाई, ते माझ्या घरी आलं असेल तर कुठे बसलंय तेवढं दाखवा, मी त्यालाही जेवू घालीन. सगळे हसले, बाई सोडून. त्या म्हणाल्या, की नकाशा चुकला असेल तर एकतीस मेच्या आत हरकत घ्या, पण पुरावा आणा.

मी स्वतः समोर उभी होते, तो पुरावा काही त्यांना पुरला नाही.

रागाव हवं तर, पण लिहीत राहा.

तुझी,
आर्डिथ

कोलंबस, १७ एप्रिल

ति. आर्डिथताईस,
सा. न. वि. वि.

तो नकाशा मी इथे बसल्या बसल्या उघडून पाहिला. तुझं घर कुठे दाखवलंय सांगू? खाली रस्त्याकडेच्या तंबाखूच्या कोठारावर! त्याच्या बाजूला तुझ्या शेजारच्या डेल्मसची सरपण ठेवायची खोपटी, पुढे कुणाचा टपालपेटीचा खांब. खोऱ्यातली सातही घरं अशी रस्त्यावर ओळीनं उभी.

नकाशाला कशाला बोल लावतेस? हे होबर्टभावोजींचं काम. काउंटीनं घराघराला हिरव्या पाटीवर नंबर दिले, तेव्हा बापाच्या घरावर सरकारचा नंबर ठोकू देणार नाही म्हणून त्यांनी पाटी कोठारावर ठोकली. त्यांचं पाहून सगळ्या खोऱ्यानं तेच केलं, आणि तू सोळा वर्षं त्याचं कौतुक करत आलीस. नकाशा पाटी तिथे घर धरतो, आणि केबल जाते रस्त्यावरून. कोठारात इंटरनेट आणि तू कोरडी.

एक गोष्ट इतकी वर्षं बोलले नव्हते. भावोजी पडले त्या दिवशी अँब्युलन्स त्या कोठारापाशीच घर शोधत उभी होती.

मागे फोनवर म्हणालीस, की मीच तिकडे यावं. कशी येऊ? दर रविवारी पडद्यावर नातवंडांची तोंडं दिसतात, तेवढाच मला आधार. तुझ्या खोऱ्यात तोही नाही. हट्ट पुरे झाला, ताई. ये.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
लोरीना

लॉरेल खोरे, २ मे

चि. लोरीनास,
आशीर्वाद.

त्या दिवशी अनवाणी खाली धावत जाऊन अँब्युलन्सला वर आणणारी मीच होते. मला आठवण करून द्यायची गरज नव्हती. चार दिवस तुझं पत्र उलटं ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी हातोडी घेऊन कोठारापाशी गेले. चार खिळ्यांचं काम, होबर्टनं अकरा मारलेत! एकही न काढता परत आले. त्याच्या हातचं तेवढंच तर उरलंय. शिवाय मिस व्हिटलॉक म्हणतात, की एकट्या माझ्या पाटीनं काही होणार नाही, सातही नंबर घरांवर गेले तरच खोऱ्याचा रंग बदलेल. डेल्मसला विचारलं, तर म्हणाला, की होबर्टनं ठोकलेली पाटी होबर्टनंच येऊन काढावी.

पडदे उतरवू नकोस, पण माझ्यासाठी खोली फार सजवूही नकोस.

आर्डिथ

लॉरेल खोरे, २९ मे

चि. लोरीनास,
अ. उ. आ.

दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे रविवारी थडगी सजवायला सगळं खोरं टेकडीवर जमलं होतं. होबर्टला फुलं वाहिली, जेवणाची टेबलं मांडली, आणि कुणी घास घ्यायच्या आत मी बोलायला उभी राहिले. म्हटलं, की आपल्या घरावर कुणाचा हुकूम चालू नये म्हणून यानं पाटी खाली ठोकली. आज त्याच पाटीपायी घर नकाशात नाही. असंच राहिलं तर ते नोव्हेंबरात रिकामं होणार, आणि नंतर एकेक करून तुमचीही. सरकारला नाही म्हणायचं तर म्हणा, मीही म्हणेन, पण नाही म्हणायला घरात माणूस लागतं.

डेल्मसनं माझ्या सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि हातोडी आणायला गेला. संध्याकाळपर्यंत सातही पाट्या उतरून घरांवर गेल्या. अकरा खिळे मी एकटीनं काढले, कुणाला हात लावू दिला नाही. रडले, ते तुला म्हणून सांगते.

काल मिस व्हिटलॉक खात्री करायला आल्या आणि त्यांची गाडी ओढ्यात रुतली. डेल्मसनं ट्रॅक्टर आणला, पण ओढण्याआधी विचारलं, की बाई, नकाशात तर तुम्ही आमच्या घरी कधीच्या पोचलात ना? या खेपेला त्याही हसल्या. हरकत त्यांनी तिथेच गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिली.

आता बोल काय बोलायचंय ते.

आर्डिथ

कोलंबस, १२ जून

ति. ताईस,
सा. न.

हरकत मंजूर झाल्याचं तुझं कार्ड मिळालं. वाचून मला रडू आलं, आणि आनंदानं नाही. डॉक्टर, यंत्र हे सगळं खरंच होतं, पण मला तू इथे हवी होतीस. एवढ्या मोठ्या घरात मी एकटी आहे, ताई. तुझ्या हट्टाचा मला राग येतो, कारण त्यात मला जागा नाही.

तुझीच,
लोरीना

लॉरेल खोरे, १४ नोव्हेंबर

चि. लोरीनास,
अनेक आशीर्वाद.

त्या पत्राला सरळ उत्तर दिलं नाही, कारण द्यायला हातात काही नव्हतं. आता आहे. मंगळवारी इंटरनेटची तार घरात आली. दवाखान्यातल्या मुलीनं माझे ठोके मोजून सांगितलं, की सगळं ठीक आहे. मी म्हटलं, की ते मला आधीच माहीत होतं.

होबर्टची खोली मी मोकळी केली आहे. खिडकी पूर्वेला आहे, तुझे पिवळे पडदे तिला बरोबर बसतील, मी माप घेतलंय. रविवारी नातवंडांची तोंडं इथेही दिसतील, डेल्मसच्या सुनेनं करून दाखवलं. या महिनाअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये, आणि परतीचं काही ठरवू नकोस.

रस्त्यावर कोठार लागलं की थांबू नकोस, सरळ वर ये. नंबर आता दारावर आहे. अकरा खिळ्यांनी ठोकलाय.

वाट पाहते,
आर्डिथ