अकरा-वीसची वर्दी

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू एकतर रागावलेली आहेस किंवा सुखात आहेस. दोन्ही तब्येतीला चांगलं. इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा हवेप्रमाणे दुखतो आणि हवेप्रमाणे थांबतो.

सहली जोरात आहेत. कोटाच्या दरवाजापाशी सकाळी आठला बस भरून उभी असते. ‘एका दिवसात सगळा किनारा’ असं पाटीवर लिहिलंय आणि शिकलेली माणसं त्यावर विश्वास ठेवतात. चारशे वर्षांचं शहर पाहायला लांबून यायचं आणि दुसऱ्याच दिवशी त्यातून बाहेर पळायचं, हे काय खूळ आहे ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. पण पळतात, म्हणून आपलं बरं चाललंय. मिठागरं पाऊण तास, गुहा अर्धा तास, तुमचा दीपगृहाचा दिवा वीस मिनिटं, काचेच्या भट्टीशेजारी जेवण, मोडक्या धक्क्यावर सूर्यास्त, की झाला किनारा बघून. परवा मिठागरावर एका गृहस्थाने बायकोला विचारलं की हे मीठ खरं असेल का. तिने चाखून सांगितलं की घरच्यासारखं नाही. मी क्लीनर होतो तेव्हा मागच्या दारात लोंबकळत असलं काही ऐकायचो, आता मालक म्हणून पुढच्या सीटवर बसून ऐकतो. माणसं तीच आहेत, चष्मे तेवढे काळे झालेत.

दिव्याचा थांबा हल्ली लोकांना फार आवडतो. बायका डोळे पुसत बसमध्ये चढतात म्हणे. आमचे मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ते इतिहासाचे गृहस्थ, आता टपावरच्या कर्ण्यातून माहिती सांगतात आणि भलतेच रंगात आलेत. भावोजींना सांग, अकराच्या सुमारास ओसरीवर बसत जा. थांब्याला शोभा येते.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मला झेपणार नाही.

तुझा
दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

मी बुडून मेल्याची बातमी तुला एव्हाना असेलच. मला ती काल समजली.

एरवी तुझी बस येते तेव्हा मी मागच्या अंगणात नळावर असते. काल चादरी वाळत घालायला पुढे आले होते. बरोबर अकरा-वीसला बस थांबली आणि मास्तरांनी कर्ण्यातून सांगितलं की या हिरव्या दाराच्या घरात दिव्याचे शेवटचे रखवालदार राहतात. त्यांची तरुण पत्नी वादळात त्यांचं औषध आणायला होडीतून गेली ती परत आलीच नाही. तिच्यासाठी त्यांनी वीस वर्षं दिवा विझू दिला नाही आणि आजही ते समुद्राकडे डोळे लावून बसतात. चाळीस माणसांनी एकदम माना वळवल्या. हे बसले होते ओसरीवर, पण डोळे समुद्राकडे नव्हते, मी चहा कधी आणते इकडे होते.

मी चहा आणून दिला. तेवढ्यात एक टोपीवाली बाई कुंपणाच्या भिंतीपाशी आली आणि हळूच विचारू लागली की मी इथे किती वर्षं कामाला आहे. मी म्हटलं, चौतीस. ती म्हणाली, त्यांना नीट सांभाळा, फार सोसलंय त्यांनी. मी म्हटलं, तेही चौतीस वर्षंच.

दादा, तो दिवा कुणाच्या विरहाचा नव्हता रे, खात्याचा होता. विझला असता तर यांची नोकरी गेली असती. आणि खात्याचा म्हणून यांचं वहीचं वेड अजून सुटलेलं नाही. दिवा आपोआप लागायला लागून नऊ वर्षं झाली, तरी रोज नवं पान. वारा, लाटा, दिसलेली जहाजं. स्वतः पाहिलं असेल तर तसं लिहायचं, दुसऱ्याने कळवलं असेल तर वेळ घालून वर्दी म्हणून लिहायचं, आणि लिहिलेलं कधी खोडायचं नाही. हल्ली विसरतात फार. कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात, जेवून उठले की जेवायला बसतात. पण वही चुकत नाही.

मला बुडवलं कुणी, ते मास्तरांना विचारून कळव. बाकी तू अकरा वर्षांत तीनदा आलास, त्यातही एकदा टायर फुटला म्हणून. बसमध्ये बसतोस आणि मिठागरावर उतरून दुसऱ्या गाडीने परत जातोस, हे मला ड्रायव्हरकडून कळतं. लोभ असू दे, पण तो कधीतरी मिठागराच्या पुढे येऊ दे.

तुझी
धाकटी

ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, आणि दीर्घायुष्याचा एक जास्तीचा.

मास्तरांना बोल लावू नकोस. त्या भल्या माणसाने शाळेत उभा जन्म खोटं बोलणाऱ्यांना बाकावर उभं केलं. तुला मी बुडवलं.

काय करू? मास्तर दिव्याची उंची सांगायचे, बांधकामाचं साल सांगायचे, भिंग कुठल्या कारखान्यातलं ते सांगायचे, आणि लोक बसमधून उतरायचेसुद्धा नाहीत. एकजण म्हणाला की दिवा चित्रात मोठा दिसतो. दुसरा म्हणाला की दिवसा लावत नाहीत, तर मग दिवसा दाखवता कशाला. हे सगळं ड्रायव्हर मला रोज येऊन ऐकवायचा. मला कळलं की यांना दिवा नकोय, यांना कुणीतरी मेलेलं हवंय. हाताशी घर होतं, ओसरी होती, पांढऱ्या केसांचा माणूस होता. एक बायको कमी करायची होती, ती केली. तेव्हापासून चाळीसच्या चाळीस उतरतात. परवा एकीने तुमच्या भिंतीवर फुलं ठेवली असं ऐकतो. जिवंतपणी तुला कोण फुलं ठेवणार होतं?

तर हसून सोडून दे. भावोजींना विसर पडतो म्हणतेस, तेवढं वयाला शोभतं. मलाही पडतो, तुझ्या टोमण्यांचा.

आहे तो लोभ, बुडालीस म्हणून कमी करू नकोस.

तुझा
दादा

ता. ३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

आज हसत नाहीये.

काल मेज पुसताना यांची वही उघडी होती. तेरा जानेवारीपासून, सोमवारी तुझी बस बंद असते तो सोडून, रोजच्या पानावर एकच नोंद आहे. ११.२०, कर्ण्यावरून वर्दी, रखवालदाराची पत्नी होडीसह बेपत्ता. मी नळावर पाणी भरत होते आणि हे पुढे बसून रोज ऐकत होते आणि रोज लिहीत होते. गेल्या आठवड्यापासून खालीही एक ओळ येते. शोध घेतला, आढळ नाही.

शोध म्हणजे काय ते मला आता समजलं. मला वाटायचं फिरायला जातात. दुर्बीण गळ्यात अडकवून हे खडकांवर जातात, दादा. त्या निसरड्या खडकांवर, बहात्तराव्या वर्षी. परवा गुडघा फोडून आले. मी जखम धुतली, तर मला म्हणाले की बाई, तुमचा हात हलका आहे, माझ्या बायकोचा असाच होता.

चौतीस वर्षांत यांनी मला बाई म्हटलं नव्हतं.

मी समोर उभी राहून सांगितलं, मीच ती, मी कुठे गेले नाही. शांतपणे ऐकून घेतलं. मग समजूत घालतात तसं मलाच म्हणाले की लोक चांगले असतात, धीर द्यायला असं सांगतात, पण वर्दी अशी कुणाच्याही सांगण्याने मागे घेता येत नाही. ज्याने दिली त्यानेच ती दुरुस्त करायची असते, नियम आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. गोळ्यांना खात्याचा नियम ठाऊक नाही.

तेव्हा मास्तरांना नुसतं गप्प बसवून भागणार नाही. कर्णा गप्प झाला तर मी कायमची बेपत्ता राहीन. तू मला ज्या तोंडाने बुडवलंस त्याच तोंडाने वर काढ. आणि लवकर काढ. भरतीच्या वेळी हे खडकांवर असले तर पुढची वर्दी खरी असेल.

या खेपेला लोभाचं काही लिहीत नाही.

धाकटी

ता. ८ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद. तो द्यायचा मला अजून हक्क असला तर.

काल तुझ्याकडून निघताना तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून लिहितो. माझा आणि शब्द न फुटण्याचा संबंध तुला माहीत आहे.

मास्तरांकडून कर्ण्याचा माइक मागून घेतला. क्लीनरगिरीपासून आजवर मी त्या कर्ण्यातून काय काय सांगितलंय, पण खरं सांगायची पहिलीच वेळ. म्हटलं, या ठिकाणाहून आजवर दिलेली वर्दी चुकीची होती. रखवालदारांची पत्नी सुखरूप आहे, घरीच आहे, चूक वर्दी देणाऱ्याची. भावोजी उभे राहिले. घड्याळ पाहिलं. वर्दी कोण देतंय, कुठल्या अधिकाराने, ते विचारलं. मी म्हटलं, बसमालक आणि बाईंचा थोरला भाऊ. पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग बसून लिहून घेतलं, आणि मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, आणि चहा किती वेळ लावतेस म्हणून तुझ्यावर खेकसले. असलं गोड खेकसणं मी जन्मात ऐकलं नाही.

आता माझे प्रवासी. जिवंत बाई पाहून चाळीस माणसं हिरमुसलेली मी काल प्रथमच पाहिली. एक गृहस्थ म्हणाले की मित्राच्या वेळी ती बुडाली होती, मग आमच्याच वेळी का नाही. त्यांच्या सौभाग्यवतींना खरी गोष्ट फारच साधी वाटली. एकाने तर तुला चादर घेऊन जरा समुद्राकडे बघत उभं राहायला सांगितलं, ते तू ऐकलं नाहीस, बरं झालं. या लोकांना आयुष्यभर हसत आलो. काल लक्षात आलं की त्यांना जे हवं ते रांधून वाढणारा आचारी मीच होतो. तेव्हा हसण्यातला मोठा वाटा माझ्याकडेच ठेवतो.

मास्तर मात्र खूश आहेत. यापुढे रोज खरं सांगणार म्हणतात. लोभ परत मिळाला तर पोच दे.

तुझा
दादा

ता. १७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

लोभ मिळाला, पोच समज.

मास्तर रोज अकरा-वीसला मला जिवंत करतात. हे लिहून घेतात, मग मला घरच्या माणसासारखे रागावतात, दिवस चांगला जातो. पण सकाळी पान नवं असतं, दादा. कालचं कालच्या पानावर राहतं. उठल्यापासून अकरा वाजेपर्यंत मी बाईच. तेवढं मी चालवून घेते. चौतीस वर्षांनी कुणी आपल्याला तुम्ही म्हणतं, त्यातही मौज आहे.

काल सोमवार होता. बस नाही. हे एक वाजेपर्यंत भिंतीपाशी उभे होते. मग आत येऊन विचारलं, बाई, काही वर्दी आली का. मी म्हटलं, मी देते वर्दी. नम्रपणे नाही म्हणाले आणि दुर्बीण शोधू लागले. ती मी तांदळाच्या डब्यात लपवली आहे. संध्याकाळपर्यंत शोधत होते, माझ्याऐवजी दुर्बीण.

तुला काही करायला सांगत नाही. नुसतं कळवलं. वहिनीस नमस्कार.

तुझी
धाकटी

ता. २० मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सोमवारी येतो. या सोमवारी, आणि पुढच्याही. रिकामी बस आणतो, कारण कर्णा टपावर पक्का बसवलाय आणि भावोजींना कर्ण्याखेरीज दुसऱ्या कुणाची वर्दी चालत नाही. तुझी वहिनी विचारते की रिकामी बस पळवणं हा कुठला धंदा. म्हटलं, तीस वर्षं भरलेल्या पळवल्या, त्यात आपलं कुणी नव्हतंच.

मिठागरावर उतरणार नाही. जेवायला थांबेन. साधंच कर, आणि दुर्बीण आधी तांदळातून काढ.

तुझा
दादा

ता. २४ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पोचलास ना नीट? वीस मिनिटांचा थांबा म्हणून आलेला माणूस तीन वेळा वाढून घेऊन ओसरीवर घोरत पडतो, हे पाटीवर लिहून टाक. रिकाम्या बसच्या टपावरून एवढ्या मोठ्याने ओरडायची गरज नव्हती. शेजारीण विचारत होती की कोण सापडलं. पुढच्या सोमवारी वहिनीला घेऊन ये. चाळीस सीट आहेत, एकीवर ती मावेल.

तू गेल्यावर वही पाहिली. यांना न सांगता कालचं पान खाली उतरवून पाठवते आहे. लोभ सोमवारी येतोच आहे, वेगळा मागत नाही.

तुझी
धाकटी

‘सोमवार. वारा नैऋत्येचा, मंद. दृश्यता चांगली. जहाजं दोन. ११.२०, कर्ण्यावरून वर्दी: पत्नी सुखरूप. वर्दी देणार, तिचा थोरला भाऊ. ११.२५, स्वतः पाहिली. चहा घेऊन येत होती.’