घसरलेला सूर

प्रिय दादा,

त्या दिवंगत गिटारसम्राटाला वाहिलेल्या अल्बमचं वेष्टण उघडताना माझं नख तुटलं. मानवजातीने याची नोंद घ्यावी. त्याचं गाजलेलं गाणं आत चार नामवंतांनी वाजवलंय, आणि मूळ रेकॉर्डवर घसरलेला सूर चौघांनीही भक्तिभावाने तसाच घसरवलाय. समीक्षक त्याला दैवी म्हणतात. पण आपल्या खोलीत तो सूर तुझ्या आखडलेल्या करंगळीमुळे रोज तस्साच घसरायचा! "मी फक्त त्याचे स्पीकर उचलायचो," असं तू सांगतोस. ती रेकॉर्ड नक्की कोणी वाजवली, असं मी वहिनीला सहज विचारलं. ती दचकून म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

तू भडकशील, म्हणून हे पत्र पाठवत नाही. अल्बमवर त्याच्या नावाशेजारी मात्र मी पेनाने तुझं नाव लिहिलंय.

तुझा संशयी धाकटा